शुक्राणूंचा डीएनए तुटलेला असेल तर स्त्रीबीज तो खरंच दुरुस्त करतं का?

तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पत्नीचं वय 36, तुमचं 41. इक्सीनंतर (प्रत्येक स्त्रीबीजात एक शुक्राणू सुईने सोडल्यावर) सहा स्त्रीबीजं फलित झाली. तिसऱ्या दिवशी त्यातले चार भ्रूण आठ पेशींचे होते आणि लॅबने चारही 'ए ग्रेड' सांगितले. पाचव्या दिवशी मात्र एकच ब्लास्टोसिस्ट (रुजण्याआधीच्या टप्प्याचा, आत पोकळी असलेला भ्रूण) हाती आला, तोही जेमतेम, आणि तो रुजला नाही. त्यानंतरच्या तपासणीत शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनचा (डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचा) आकडा 38 टक्के निघाला. डॉक्टरांनी "स्त्रीबीज ते दुरुस्त करून घेतं" असा दिलासा दिला. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दुरुस्ती होते तर भ्रूण थांबले का? दुरुस्ती न होताच एखादा भ्रूण पुढे गेला तर बाळात दोष येईल का? आणि पुढच्या खेपेआधी काय करावं?

मी बरीच वर्षं आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतच असतो. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही, पण अर्धं आहे. ते ऐकून असं वाटतं की डीएनएला इजा झाली की पेशी एक तर ती दुरुस्त करते, नाहीतर मरते. प्रत्यक्षात तिसरा मार्गही असतो, आणि भ्रूणाच्या पहिल्या तीन दिवसांत त्याचाच मोठा आधार असतो: इजा तशीच ठेवून पुढे जाणं. तुमच्या भ्रूणांचं काय झालं असावं हे समजून घ्यायचं तर या तिसऱ्या मार्गाकडे बघावं लागेल. 'असावं' म्हणते, कारण तुमचे भ्रूण मी पाहिलेले नाहीत, आणि स्त्रीबीजाचं वय, इजेचा प्रकार आणि तिचं प्रमाण यांनुसार उत्तर बदलतं.

डीएनएला इजा होणं मुळात रोजचंच आहे. शरीराच्या उबेत, पाण्याच्या सहवासात डीएनए आपोआप झिजत असतो. आपल्या प्रत्येक पेशीत दिवसाला साधारण 10,000 ठिकाणी ॲडेनीन किंवा ग्वानीन हे डीएनएच्या मजकुरातलं अक्षर त्याच्या दोन साखळ्यांपैकी एकीतून गळून पडतं. हा हिशेब मांडणारे टॉमस लिंडाल यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांच्यासोबत 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते डीएनए दुरुस्तीच्या यंत्रणा उलगडल्याबद्दलच. अशी एका साखळीवरची इजा भरून काढणं त्या मानाने सोपं असतं, कारण समोरची साखळी शाबूत असते आणि हरवलेलं अक्षर तिच्यावरून कळतं. दोन्ही साखळ्या एकाच जागी तुटल्या की काम अवघड होतं. मग दोन टोकं नुसती सांधायची आणि मधली काही अक्षरं गेली तर जाऊ द्यायची, किंवा तोच मजकूर असलेली दुसरी प्रत शोधून तिच्यावरून उतरवून घ्यायचा, एवढेच पर्याय उरतात.

आणि पेशीला थांबायला वेळच नसेल तर? डीएनएची प्रत काढणारं नेहमीचं एन्झाइम फार काटेकोर असतं. खराब झालेलं अक्षर समोर आलं की ते अडकतं. तिथे पीसीएनए नावाच्या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि त्या खुणेवर वेगळ्या जातीची पॉलिमरेझ (प्रत काढणारी) एन्झाइमं येतात: ईटा, कापा, झीटा, रेव्ह1 वगैरे. ती खड्डा बुजवत बसत नाहीत, त्यावर फळी टाकून पलीकडे जातात. प्रत पूर्ण होते, खड्डा जिथल्या तिथे राहतो, आणि घाईत चुकीचं अक्षर बसण्याचा धोका पत्करला जातो. या प्रक्रियेला ट्रान्सलीजन सिंथेसिस म्हणतात. चुका करणारी एन्झाइमं शरीराने का बाळगावीत, असं वाटेल. पण ज्यांच्यात पॉलिमरेझ ईटा जन्मतःच नसतं त्यांना झेरोडर्मा पिगमेंटोसमचा एक प्रकार होतो आणि उन्हाने त्वचेचे कर्करोग होतात. चुकत का होईना पुढे जाणं हे अडकून पडण्यापेक्षा कमी नुकसानीचं ठरतं. बीजपेशींच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे: उंदरात याच यंत्रणेतलं रेव्ह7 हे प्रथिन काढून टाकलं की पुढे स्त्रीबीजं आणि शुक्राणू ज्यांपासून बनायचे त्या मूळ पेशी भ्रूणावस्थेतच नाहीशा होतात.

त्वचेची साधी पेशी घेतली तर तिच्याकडे हे सगळे मार्ग असतात आणि निवड करायला सवडही असते. एटीएम आणि एटीआर ही प्रथिनं तुटलेली जागा हेरतात, पी53 हे पहारेकरी प्रथिन कामाला लागतं, विभाजन थांबतं, दुरुस्ती होते. नाहीच झाली तर पेशी स्वतःला संपवते. स्त्रीबीज, शुक्राणू आणि भ्रूण यांच्यात मात्र ही निवड प्रत्येक टप्प्याला वेगळी असते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या फरकातच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

प्रजननाची सुरुवातच डीएनए मुद्दाम तोडण्यापासून होते. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात एसपीओ11 नावाचं प्रथिन दोन्ही साखळ्या अनेक ठिकाणी कापतं. उंदराच्या एका पेशीत अशा 200 ते 400 जागा मोजल्या गेल्या आहेत. आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र या कापलेल्या जागांच्या आधारानेच एकमेकांना शोधतात, जोडी लावतात आणि काही ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल करतात. बाकीच्या जागा अदलाबदल न होता सांधल्या जातात. मुलीच्या बाबतीत हे सगळं ती आईच्या पोटात असतानाच घडतं. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला तिच्या अंडाशयात 60 ते 70 लाख बीजपेशी असतात; जन्माच्या वेळी त्या 10 ते 20 लाखांवर आलेल्या असतात. या गळतीची कारणं अनेक आहेत, पण जोडी नीट न लागणं आणि कापलेल्या जागा न सांधणं हे त्यातलं एक ठळक कारण आहे.

त्यानंतर स्त्रीबीज वर्षानुवर्षं अर्ध्यावर थांबून राहतं, तुमच्या पत्नीच्या बाबतीत तीन दशकांहून जास्त. या थांबलेल्या अवस्थेत ते इजेबद्दल फार कडक असतं. त्याच्यात पी63 या प्रथिनाचा एक प्रकार निष्क्रिय जोड्यांच्या रूपात भरून ठेवलेला असतो. डीएनए तुटला की सीएचके2 हे एन्झाइम त्याला चालना देतं, दोनाचे चार एकत्र येतात आणि स्त्रीबीज मरतं. केमोथेरपी आणि रेडिएशनने अंडाशयातला साठा संपतो त्यात या यंत्रणेचा मोठा हात आहे. 2014 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की सीएचके2 काढून टाकलं तर रेडिएशननंतरही ती स्त्रीबीजं तगतात आणि त्यांच्यापासून पिल्लंही होतात. म्हणजे मेलेल्यांपैकी बरीचशी स्त्रीबीजं दुरुस्त होण्याजोगी होती. यंत्रणेने धोका पत्करायचा नाही असं ठरवलं होतं.

पण हेच स्त्रीबीज पूर्ण वाढून ओव्ह्युलेशनच्या तोंडाशी आलं की त्याचा कडकपणा बराच सैल होतो. साधी पेशी ज्या इजेला थांबेल त्या इजेला ते थांबत नाही, विभाजन सुरू करतं. इजा जास्त असेल तर पुढच्या टप्प्यावर, गुणसूत्रं वाटली जाण्याआधी, अडकू शकतं. लॅबमध्ये आम्हाला मिळतं ते या अवस्थेतलं स्त्रीबीज. त्याच्याकडे दुरुस्तीची सामग्री भरपूर असते. थांबवणारा पहारा मात्र ढिला असतो.

शुक्राणूचं सगळं उलट आहे. तो तयार होत असताना डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यातली बहुतेक काढून त्या जागी प्रोटामीन बसवली जातात. त्यामुळे डीएनए फार घट्ट आवळला जातो आणि प्रवासात सुरक्षित राहतो. हा बदल करताना पीळ सोडवण्यासाठी डीएनए तात्पुरता कापावा लागतो आणि पुन्हा सांधावा लागतो. सांधणं राहून गेलं तर ती फट कायमची, कारण त्यानंतर शुक्राणू जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून देतो आणि दुरुस्तीचं सामानही त्याबरोबर जातं. पुढे एपिडिडिमिसमधल्या (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होण्याच्या नळीतल्या) प्रवासात ऑक्सिडेटिव्ह ताणाची भर पडते. ऑक्सिडेशनने खराब झालेलं ग्वानीन कापून काढणारं ओजीजी1 हे एन्झाइम शुक्राणूत असतं, पण त्यानंतरच्या पायरीचं एन्झाइम नसतं. त्यामुळे काम अर्धवट सोडून शुक्राणू स्त्रीबीजात शिरतो आणि उरलेलं स्त्रीबीजाने करायचं असतं.

आता तुमच्या 38 टक्क्यांकडे येते. रिपोर्टवर बहुधा हालो टेस्ट लिहिलेलं असेल. ती अशी होते: शुक्राणू ॲगारोजच्या पातळ थरात बसवतात, आम्लाची प्रक्रिया करतात, मग प्रथिनं विरघळवून टाकतात आणि रंग देतात. शाबूत डीएनएचे वेटोळे सुटून बाहेर पसरतात, त्यामुळे डोक्याभोवती रुंद, फिकट वलय दिसतं. तुटलेल्या डीएनएभोवती वलय अगदी बारीक असतं किंवा नसतंच. नुसता गडद ठिपका दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली असे शेकडो शुक्राणू मोजतात. 38 टक्के म्हणजे दर शंभरातल्या 38 शुक्राणूंना नीट वलय नव्हतं. प्रत्येक शुक्राणूचा 38 टक्के डीएनए तुटलेला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. बरेच जण तसाच अर्थ लावतात आणि घाबरून जातात. शिवाय एका साखळीची फट आणि दोन्ही साखळ्यांचं तुटणं यांतला फरक ही तपासणी सांगत नाही, आणि भ्रूणाच्या दृष्टीने खरा फरक तोच आहे. तपासणी आख्ख्या नमुन्याची होते, त्यात मेलेले शुक्राणूही येतात. इक्सीत आम्ही पोहणारा आणि घाटाने चांगला शुक्राणू निवडतो. तरी ही निवड हमी देत नाही, कारण डीएनए तुटलेला शुक्राणूही दिसायला देखणा असू शकतो. टनेल, कॉमेट, एससीएसए या तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. एससीएसएमध्ये 30 टक्क्यांच्या वरचा आकडा जास्त मानतात, तीच रेघ दुसऱ्या तपासणीला लागू होईलच असं नाही.

स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटर व्यासाचं असतं, शुक्राणूचं डोकं मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढं. ते डोकं आत गेल्यावर काही तासांत प्रोटामीन काढली जातात आणि आईच्या साठ्यातले हिस्टोन बसवले जातात. त्याच वेळी टेट3 हे एन्झाइम वडिलांच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जनुकं बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) पुसायला घेतं आणि त्या पुसताना दुरुस्तीचीच यंत्रणा वापरली जाते. म्हणजे वडिलांकडून आलेल्या केंद्रकात पहिल्या दिवशी दुरुस्ती चालू असणं हे प्रत्येक निरोगी भ्रूणात घडतं. इक्सीनंतर सोळा ते अठरा तासांनी मी बघते तेव्हा मला दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, एक आईचं, एक वडिलांचं. दोन्ही सारखीच नितळ दिसतात. वडिलांच्या केंद्रकात किती जागा अजून तुटलेल्या आहेत हे त्यावरून कुणालाही सांगता येत नाही.

ही सगळी दुरुस्ती स्त्रीबीजाने आधीच साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालते. वय वाढतं तसा बीआरसीए1, एटीएम, आरएडी51 अशा दुरुस्तीच्या जनुकांचा साठा माणसाच्या स्त्रीबीजांत कमी होतो असं 2013 मध्ये दाखवलं गेलं. म्हणून सारखाच शुक्राणू-रिपोर्ट तरुण स्त्रीबीजाबरोबर कमी त्रासाचा ठरू शकतो आणि चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीबीजाबरोबर जास्त.

तर डॉक्टरांच्या दिलाशाचं पूर्ण रूप माझ्या मते असं आहे: एका साखळीच्या इजा स्त्रीबीज बहुतांशी भरून काढतं; दोन्ही साखळ्या तुटलेल्या जागा काही प्रमाणात, आणि त्याही कधी चुकतमाकत. दुसऱ्या भागाचा पुरावा कोलंबिया विद्यापीठातल्या डीटर एगली यांच्या गटाने 2020 मध्ये दिला. त्यांनी मानवी भ्रूणात वडिलांकडून आलेल्या सहाव्या गुणसूत्रावर कॅस9 हे डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम वापरून एक काप दिला. बऱ्याच भ्रूणांत तो काप सांधलाच गेला नाही आणि त्या गुणसूत्राचा मोठा तुकडा किंवा ते आख्खं गुणसूत्र गमावलं गेलं. मला सर्वात महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की गुणसूत्र तुटलेलं असतानाही भ्रूणाच्या पेशी विभागत राहिल्या. थांबल्या नाहीत.

का थांबत नाहीत? याचं उत्तर आधी बेडकात आणि माशीत मिळालं. आफ्रिकन पंजेरी बेडकाचं भ्रूण पहिली बारा विभाजनं अर्ध्या-अर्ध्या तासाने, मध्ये श्वास न घेता उरकतं. या काळात त्याला रेडिएशन दिलं तरी ते काही झालंच नाही असं विभागत राहतं. स्वतःची जनुकं सुरू होऊन गॅस्ट्रुलाची (पेशींचे थर पडण्याची) अवस्था आली की मात्र भ्रूण मरतं. एवढ्या मोठ्या पेशीद्रवात डीएनए अगदी थोडा असतो, त्यामुळे इजेचा संदेश पातळ होऊन जातो. डीएनएचं प्रमाण वाढलं की पहारा जागा होतो. 2015 मध्ये असंही दिसलं की या बेडकाच्या सुरुवातीच्या भ्रूणात फळी टाकणारी यंत्रणा कायमच चालू ठेवलेली असते, इजा असो वा नसो. फळमाशीची रीत निराळी आहे. तिथे खराब झालेलं केंद्रक पृष्ठभागावरून आत खाली सोडून दिलं जातं, म्हणजे पुढे होणाऱ्या पेशींमध्ये त्याला स्थानच उरत नाही.

माणसाचं भ्रूण इतकं घाईत नसतं. पहिलं विभाजन व्हायला त्याला एक दिवसाच्या आसपास लागतो. तरीही पहिले दोन-तीन दिवस ते आईच्या साठ्यावर जगतं आणि त्याचा पहारा कमकुवत असतो. एगली यांच्याच गटाने 2022 मध्ये दाखवलं की मानवी भ्रूणात पहिल्या विभाजनाआधी डीएनएची प्रत बऱ्याचदा पूर्णही झालेली नसते, तरी विभाजन सुरू होतं आणि अपुऱ्या जागी गुणसूत्र तुटतं. याचा शुक्राणूच्या दोषाशी संबंधही असावा लागत नाही. लॅबमध्ये याच्या खुणा दिसतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या पेशीत एकाऐवजी दोन-तीन केंद्रकं किंवा मुख्य केंद्रकाशेजारी एक इवलंसं केंद्रक दिसतं. मागे राहिलेल्या गुणसूत्राभोवती वेगळं आवरण तयार झाल्याची ती खूण असते. चौथ्या दिवशी सगळ्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात तेव्हा एखादी पेशी बाहेरच राहते, बिलगत नाही, आणि ब्लास्टोसिस्ट झाल्यावरही कडेला तशीच पडून असते. अशा वगळलेल्या पेशींत गुणसूत्रांचा घोळ असण्याची शक्यता जास्त असते.

मानवी भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर सुरू होतात ती चार ते आठ पेशींच्या दरम्यान. हे 1988 पासून माहीत आहे. म्हणजे साधारण तिसरा दिवस. तिथपर्यंत तुमच्या चार भ्रूणांना मिळालेला 'ए ग्रेड' मुख्यतः तुमच्या पत्नीच्या स्त्रीबीजांनी भरून ठेवलेल्या साठ्याबद्दल सांगत होता. वडिलांकडून आलेला मजकूर वाचायची वेळ त्यानंतर येते. तो ठिकठिकाणी तुटलेला असेल, किंवा मधल्या विभाजनांत गुणसूत्रांचे तुकडे हरवले असतील, तर भ्रूण तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या दरम्यान थांबतो. आम्ही याला 'लेट पॅटर्नल इफेक्ट' म्हणतो. तुमची हकिकत या चित्रात बसते.

पण इथे मला सावध राहावंसं वाटतं, कारण हेच चित्र स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांच्या चुकीनेही दिसतं, आणि 36 व्या वर्षी ते कारण मुळीच दुर्मीळ नसतं. शिवाय चांगल्या लॅबमध्येही फलित झालेल्या सगळ्यांचे ब्लास्टोसिस्ट होत नाहीत. 2017 च्या व्हिएन्ना सहमतीने (तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या निकषांनी) लॅबसाठी 40 टक्के ही किमान आणि 60 टक्के ही उत्तम पातळी ठरवली. सहा फलित बीजांतून दोन-तीन ब्लास्टोसिस्ट अपेक्षित होते, तुम्हाला एक मिळाला. कमी आहे, पण सहाच्या संख्येत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. एका सायकलवरून (उपचाराच्या एका खेपेवरून) "दोष शुक्राणूंचाच" असं मी म्हणणार नाही, आणि घरात तुम्ही दोघांनीही ते एकमेकांना म्हणू नये असं मनापासून वाटतं.

आता बाळाचा प्रश्न. यातली भीती मला समजते, म्हणून जे ठामपणे सांगता येतं तेच सांगते. जनुकं सुरू झाल्यावर भ्रूण पुन्हा कडक होतो. उंदरात 2000 मध्ये दिसलं की रुजल्यानंतरच्या काही दिवसांत, ज्या पेशींपासून शरीर बनायचं त्या इतक्या संवेदनशील असतात की रेडिएशनच्या अगदी थोड्या मात्रेनेही पी53 च्या मदतीने मरतात. थांबून दुरुस्ती करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शेजारच्या निरोगी पेशी वाढून त्यांची जागा भरतात. 2016 मध्ये उंदराच्याच भ्रूणात दाखवलं गेलं की चुकीची गुणसूत्रसंख्या असलेल्या पेशी शरीर बनवणाऱ्या भागातून काढून टाकल्या जातात, तर वार (प्लासेंटा) बनवणाऱ्या भागात त्या रेंगाळतात. माणसात 2015 मध्ये अशा मिश्र पेशींचे (काही पेशी नीट, काही चुकीच्या गुणसूत्रसंख्येच्या) भ्रूण 18 स्त्रियांच्या गर्भाशयात सोडल्यावर सहा निरोगी बाळं जन्मली. म्हणूनच गर्भधारणेच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या रेडिएशनबद्दल डॉक्टर 'सगळं किंवा काहीच नाही' असं शिकतात: इजा मोठी असेल तर गर्भ टिकत नाही, टिकला तर सहसा नीट वाढतो.

म्हणजे काहीच मागे राहत नाही असं नाही. प्रत्येक बाळात आई-वडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे अक्षरबदल असतात, त्यातले सुमारे 80 टक्के वडिलांकडून येतात आणि वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे एक-दोन वाढतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. हे तुमच्या 41 व्या वर्षाबद्दल झालं, 38 टक्क्यांबद्दल नव्हे. फ्रॅगमेंटेशनच्या आकड्यावरून बाळातल्या दोषाचं भाकीत करता येत नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या 70,000 हून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली, त्यात जन्मजात दोषांची स्पष्ट वाढ आढळली नाही. उलट बाजूही सांगायला हवी: 2022 मध्ये कोलोन विद्यापीठातल्या ब्यर्न शूमाखर यांच्या गटाने सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीत दाखवलं की नराच्या शुक्राणूतल्या दुहेरी तुटलेल्या जागा पॉलिमरेझ थीटा चुकतमाकत सांधतं आणि त्याचे परिणाम नातवंडांच्या पिढीतही दिसतात. कृमीवरून थेट माणसाचा निष्कर्ष काढत नाही, पण तुटलेला डीएनए शक्य असेल तर कमी करून घ्यावा असं मला वाटण्यामागे हाही विचार आहे.

काय करता येईल, तर घाई टाळणं हे पहिलं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास आणि पुढच्या प्रवासाला थोडे दिवस लागतात. मागच्या तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का? धूम्रपान आहे का? नमुना देण्याआधी किती दिवसांचा खंड होता? जास्त दिवस साठलेल्या नमुन्यात आकडा वाढतो. एक-दोन दिवसांच्या खंडानंतरच्या नमुन्यात बऱ्याच जणांचा उतरतो. तपासणी याच पद्धतीने, याच लॅबमध्ये पुन्हा करा. यूरॉलॉजिस्ट किंवा ॲन्ड्रॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) आणि संसर्ग तपासून घ्या. व्हेरिकोसीलवर उपचार केल्यावर आकडा कमी होताना दिसतो. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही: मॉक्सी नावाच्या 2020 च्या चाचणीत त्यांनी ना वीर्याच्या तपासणीत फरक पडला ना फ्रॅगमेंटेशनमध्ये.

वृषणातून थेट शुक्राणू काढण्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. तिथल्या शुक्राणूंत फ्रॅगमेंटेशन कमी असतं, कारण एपिडिडिमिसमधली इजा टळते. पण ती सुई किंवा शस्त्रक्रिया आहे, आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असलेल्या पुरुषात ती पहिल्याच अपयशानंतर करावी असं माझं मत नाही. दुसऱ्या तपासणीतही आकडा चढाच राहिला आणि पुढच्या सायकलमध्ये पुन्हा तिसऱ्या-पाचव्या दिवसांमध्येच भ्रूण थांबले, तर तो विषय डॉक्टरांशी नक्की काढा.

लॅबकडून दोन गोष्टी आजच मागून घ्या: प्रत्येक भ्रूणाची दुसऱ्या दिवसाची नोंद, त्यात जास्तीची केंद्रकं दिसली होती का ते, आणि जे थांबले ते नेमके कुठे थांबले, आठ पेशींवर की पेशी बिलगल्यानंतर. आठवरच थांबले असतील तर जनुकं सुरू होण्यातच अडचण आली असं मानायला जागा आहे. बिलगून नंतर थांबले असतील तर मी गुणसूत्रांच्या चुकीकडे, म्हणजे वयाकडे, जास्त बघेन. आणि त्या ब्लास्टोसिस्टची ग्रेडही विचारा. अक्षरं इथे लिहिलीत तर त्यावरून अजून थोडं सांगता येईल.